विंडोज ७ वरचा अँटिव्हायरस: लायसन्स चालू, अपडेट बंद. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात विंडोज ७ चा जुना डेस्कटॉप आहे. ३२ बिट, २ जीबी रॅम. पुस्तकांची दाखलनोंद, देवघेव, सभासदांची वर्गणी सगळं त्याच्यावरच. ते सॉफ्टवेअर करून देणाऱ्यांनी धंदा कधीच गुंडाळला आणि विंडोज १० वर ते उघडत नाही. नोंदीही युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये आहेत, दुसरीकडे नेल्या की अक्षरं वाचता येत नाहीत. त्यामुळे अनुदान येईपर्यंत हेच मशीन चालवायचं आहे.

मशीनबरोबर डीलरने अँटिव्हायरस टाकून दिला होता, त्याचंच लायसन्स दरवर्षी रिन्यू करतो. यंदाही पैसे भरले, पावती आहे. लायसन्सची मुदत पुढच्या मार्चपर्यंत दिसते, पण व्हायरस डेटाबेसची (व्हायरस ओळखायच्या यादीची) तारीख कित्येक महिने मागेच अडकली आहे. अपडेट दाबलं की थोडं सरकतं आणि बंद पडतं. मुख्य खिडकीत मात्र हिरवी खूण आणि 'तुमचा संगणक सुरक्षित आहे'! मला खरी धास्ती याच खुणेची वाटते. आमच्या ग्रंथपाल बाई ती बघून निश्चिंत असतात आणि दिवसभर मुलं पेनड्राइव्ह घेऊन फॉर्म, हॉल तिकिटं छापायला येतात.

हेल्पलाइनवाले म्हणतात विंडोज जुनी आहे, नवी घ्या. डीलर म्हणतो कंपनीशी बोला. मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला थांबवला हे मान्य, पण अँटिव्हायरसचं लायसन्स तर यंदा विकलंय. पैसे घेताना हे सांगायला नको होतं का? अपडेट सुरू करण्याचा काही मार्ग आहे का? आणि नसेल तर नोंदी कशा सांभाळू?

प्रतिसाद

आधी कोपऱ्यातली तारीख बघा. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल उतरला असेल तर घड्याळ मागे जातं, सर्टिफिकेट जुळत नाही आणि अपडेट अडतं. बदलायला फार खर्च नाही.

तारीख बरोबर असेल तर माझा संशय डिजिटल सहीवर आहे, म्हणजे फाइल खरोखर कंपनीचीच आहे हे पटवणाऱ्या खुणेवर. २०१९ पासून मायक्रोसॉफ्टने अपडेटवरची सही फक्त शा-२ (SHA-2) या नव्या पद्धतीची केली, सुरक्षा सॉफ्टवेअरवाले पण तिकडेच गेले. मूळ विंडोज ७ ला ती सही नीट तपासता येत नाही, म्हणून फाइल उतरते पण स्वीकारली जात नाही. त्यासाठी सर्व्हिस पॅक १ (विंडोज ७ चा मोठा एकत्रित अपडेट), मग केबी ४४९०६२८ आणि केबी ४४७४४१९ या क्रमांकांचे दोन अपडेट लागतात. मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉगवर फुकट आहेत. दुसऱ्या मशीनवर उतरवून आणा, ३२ बिटसाठी एक्स८६ वाली फाइल घ्या.

तरीही हललं नाही तर कंपनीला ईमेल करा, फोन नको. विंडोज ७ वर चालणारी तुमची शेवटची आवृत्ती कोणती आणि तिला डेटाबेस कधीपर्यंत मिळणार, एवढंच विचारा. मिळणार नसेल तर लायसन्स दुसऱ्या मशीनवर हलवून मागा किंवा पैसे परत मागा. पावती जपून ठेवा. विंडोज ७ मधल्या डिफेंडरच्या (विंडोजबरोबरच येणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या संरक्षण प्रोग्रामच्या) भरवशावर मात्र राहू नका, तो फक्त स्पायवेअर बघतो.

आणि काहीही झालं तरी छपाई या मशीनवरून काढाच. नेटची वायर काढा, बाहेरचा पेनड्राइव्ह लावू देऊ नका. छपाईला कोणाचा तरी विंडोज १० वाला जुना लॅपटॉप मिळाला तर बघा. त्याचा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पण त्यातल्या डिफेंडरला व्हायरसच्या व्याख्या, म्हणजे त्याचा डेटाबेस, ऑक्टोबर २०२८ पर्यंत देणार असं मायक्रोसॉफ्टने जाहीर केलंय.

धागाकर्ता

मनापासून आभार. तारीख बरोबर आहे, पण सर्व्हिस पॅक १ टाकलेलाच नाही! कंपनीला ईमेल केला. छपाईसाठी एक सभासद घरचा लॅपटॉप द्यायला तयार आहेत, आणि बाईंना हिरव्या खुणेऐवजी डेटाबेसची तारीख कुठे बघायची ते दाखवलं.

आता एकच भीती आहे. सर्व्हिस पॅकमुळे वाचनालयाचं सॉफ्टवेअर बंद पडलं तर परत आणणारं कोणी नाही. आधी अख्ख्या हार्ड डिस्कची इमेज (हुबेहूब प्रत) बाहेरच्या डिस्कवर घ्यायचा विचार आहे. विंडोज ७ मधल्या बॅकअपनेच घेतलेली इमेज परत चढवून कोणी पाहिली आहे का? नीट चढते का?