बोअरमध्ये फ्लोराइड २.४, नायट्रेट ६२ : उकळून भागेल का?

प्रश्न (किनवट तालुका, जि. नांदेड):
घरच्या बोअरचा रिपोर्ट आला. फ्लोराइड २.४, नायट्रेट ६२, टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) ८१०, सगळं मिलिग्रॅम प्रति लिटर. बोअर ३२० फूट, पाणी एकदम नितळ. घरात चार महिन्यांचं बाळ आहे, त्याला डब्याचं दूध चालू आहे. सासूबाईंचे गुडघे दुखतात, रोज गोळी लागते. पाणी उकळून, तुरटी फिरवून चालेल का? की बोअर अजून १०० फूट खाली न्यावा?

उत्तर १:
उकळू नका, ताई. म्हणजे जंतूंसाठी उकळा, पण हे दोन्ही क्षार वाफेबरोबर जात नाहीत. ५ लिटरचं आटून ४ लिटर झालं की फ्लोराइड २.४ चं ३ होतं, नायट्रेट ७७ च्या पुढे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे (आयएस १०५००) फ्लोराइड १ पर्यंत असावं, दुसरी सोयच नसेल तर १.५, नायट्रेटला मात्र ४५ च्या वर सूट नाही. तुरटीने गढूळपणा बसतो. फ्लोराइड काढायच्या नलगोंडा पद्धतीत तुरटी आणि चुना मोजून घालावा लागतो. अंदाजाने जास्त घातली तर पाण्यात ॲल्युमिनियम उरतं.

खोल जाणं तर उलटंच पडेल. मराठवाड्यात बहुतेक ठिकाणी काळा पाषाण, पण नांदेडच्या पूर्वेकडे ग्रॅनाइट लागतो, फ्लोराइड त्यातूनच सुटतं. नायट्रेट वरून येतं : उकिरडा, शोषखड्डा, युरिया. बोअरपासून उकिरडा किती लांब आहे, ते आधी बघा.

उत्तर २:
बाळाच्या दुधाला हे पाणी आजपासून बंद. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात नायट्रेटमुळे रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद घटते. ओठ-नखं निळसर दिसली तर थेट दवाखाना गाठा.

फ्लोराइडबद्दल आजवर दात आणि हाडांचंच बोललं जायचं. अमेरिकेच्या राष्ट्रीय विषविज्ञान कार्यक्रमाने ऑगस्ट २०२४ मध्ये आढावा दिला : १.५ च्या वर फ्लोराइड आणि मुलांचा कमी बुद्ध्यांक यांचा संबंध 'मध्यम खात्रीने' दिसतो. त्याखालच्या प्रमाणाबद्दल पुरावा अपुरा, म्हणून उगाच घाबरायचं नाही. तुमचं पाणी मात्र २.४ आहे.

सासूबाईंच्या डॉक्टरांना हा रिपोर्ट दाखवा. फ्लोराइड मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं आणि रोजची दुखण्याची गोळी मूत्रपिंडालाच त्रास देऊ शकते. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कळायची रक्ततपासणी) तपासून घ्या.

प्रश्नकर्त्या:
आरओ आहे घरी. गोड लागत नाही म्हणून मेकॅनिकने टीडीएस ४०० वर ठेवलाय.

उत्तर १:
तिथंच गडबड! मशीनमधला टीडीएस कमी-जास्त करायचा स्क्रू फिरवला की गाळलेल्या पाण्यात कच्चं पाणी मिसळतं. ८१० चं ४०० म्हणजे निम्म्याच्या आसपास कच्चंच, फ्लोराइड परत १ च्या वर. स्क्रू पूर्ण बंद करा. मग टीडीएस मीटरवर ८०-१०० यायला हवं. दीडशेच्या पुढे गेलं तर मेम्ब्रेन (क्षार गाळणारा पडदा) बदला. नुसतं यूव्ही मशीन असेल तर यात काही उपयोग नाही.

वरण-भाताला, चहालाही आरओचंच घ्या. डाळ-तांदूळ पाणी शोषतात. मशीनचं वाया जाणारं पाणी फरशीला वापरा, जनावरांना नको.

महिन्याने आरओच्या नळाचा नमुना द्या. कोऱ्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये १ लिटर, काचेची बाटली नको. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत फ्लोराइड, नायट्रेट दोन्ही सांगून लिहायला लावा. बोअरचा नमुना मे आणि ऑक्टोबर असा दोनदा, मोटर दहा मिनिटं चालवून मगच.