बारावी झालेल्या मुलीला थेट मुक्त विद्यापीठात घालायचं का?

जतकर_मावशी
नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहितेय पण आठवडाभर डोक्यातून जात नाहीये. मी ठाण्यात असते, बहीण जत तालुक्याच्या पूर्व भागात दिलीय, कर्नाटकाची हद्द जवळ, घरात निम्मं कानडी निम्मं मराठी. तिची मोठी मुलगी यंदा बारावी आर्ट्स झाली, ७१ टक्के, आणि त्यातही सायकॉलॉजीला सगळ्यात जास्त मार्क. कॉलेज २४ किलोमीटरवर. आता घरी असं ठरलंय की तिला नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचं बी.ए. करू द्यायचं, फॉर्म ऑनलाइन भरायचा, पुस्तकं घरी, परीक्षेपुरतं केंद्रावर जायचं. दाजी म्हणतात डिग्री तीच मिळते मग रोजची एसटीची वणवण कशाला. बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेतून पास फुकट होता, तो आता बंद, हे पण एक कारण.

माझं मत स्पष्ट आहे. नोकरी करणाऱ्याला, संसारात अडकलेल्या बाईला, शिक्षण सुटलेल्याला मुक्त विद्यापीठ हवंच. पण १८ वर्षांच्या मुलीला, जिच्यापुढे चालू कॉलेज आहे, तिला घरी बसवून डिग्री द्यायची म्हणजे तिची तीन वर्षं चुलीपुढे घालवायची. जूनमध्ये धाकट्या भावाचं दप्तर येतं, वह्या येतात, आणि हिच्या नवीन वर्षाची सुरुवात म्हणजे मोबाईलवर आलेला एक मेसेज की तुमचा प्रवेश निश्चित झाला. मला हे पटत नाही. तुम्हाला काय वाटतं ते मोकळेपणाने सांगा, माझं चुकत असेल तर तेही सांगा.

चाकण_सेकंड_शिफ्ट
ताई, तुमची तळमळ समजते पण तुमच्या लिहिण्यातून असं वाटतं की मुक्त विद्यापीठ म्हणजे ज्याचं काही झालं नाही त्याच्यासाठी. मी बारावीनंतर लगेच चाकणला कंपनीत लागलो, वडील आजारी होते, पर्याय नव्हता. बी.कॉम. नाशिकचंच केलं. सेकंड शिफ्ट रात्री साडेअकराला सुटायची, रूमवर येऊन बारा वाजता पुस्तक उघडायचो आणि खरं सांगतो ती पुस्तकं मला कॉलेजच्या गाईडपेक्षा चांगली वाटली, कारण ती लिहिलीच अशी असतात की शिकवायला समोर कोणी नाही हे धरून, प्रत्येक घटकाच्या आधी उद्दिष्टं आणि मध्ये मध्ये स्वतःला तपासायचे प्रश्न. आज मी त्याच कंपनीत अकाउंट्सला आहे. १९८९ साली हे विद्यापीठ निघालं आणि 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचं ब्रीद, ते माझ्या घरापर्यंत खरंच आलं. त्यामुळे बाहेरून शिकणं कमी दर्जाचं हे कोणी बोललं की मला लागतं.

जतकर_मावशी
दादा, तुमच्या कष्टाला माझा नमस्कार आहे, मनापासून. पण तुम्ही बाहेर पडलात, कंपनीत गेलात, रूमवर राहिलात, तुमचं जग मोठं झालं आणि सोबत डिग्री झाली. माझी भाची बाहेर पडणारच नाहीये. फरक तिथे आहे.

अभ्यासिका_पेठ
मी पुण्यात राज्यसेवेची तयारी करतोय, दोन वर्षं झाली. माझ्या अभ्यासिकेत निम्म्याहून जास्त पोरं बाहेरून बी.ए. केलेली आहेत. रेग्युलरला गेलो असतो तर उपस्थिती, प्रोजेक्ट, इंटर्नल यात दिवस गेला असता आणि शिकवलं किती जातं हे सगळ्यांना माहितीय, आमच्या तालुक्याच्या कॉलेजात आर्ट्सच्या वर्गात सप्टेंबरनंतर दहा पोरं बसत नव्हती. आणि डिग्रीच्या दर्जाचा प्रश्न आता मिटलाय, यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलं की मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ किंवा ऑनलाइन डिग्री रेग्युलरच्या बरोबरीची धरायची. मग २४ किलोमीटर जाऊन १० पोरांच्या वर्गात बसण्यापेक्षा तिने घरी रोज सहा तास मन लावून अभ्यास केला तर काय वाईट?

निळी_छत्री
"घरी रोज सहा तास" हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय.

मी ती मुलगी आहे. बीड जिल्हा, २०११ ला बारावी, ६८ टक्के, वडील म्हणाले बाहेरून कर. पुस्तकांचा गठ्ठा आला तेव्हा मी प्रत्येक पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं होतं, इतका आनंद होता. पहिल्या महिन्यात सकाळी बसायचे. मग आई म्हणाली घरीच आहेस तर डबे तेवढे कर. मग काकूचं बाळंतपण आलं. मग कापूस वेचणीला माणूस मिळेना. कॉलेजला जाणारी मुलगी "कॉलेजला गेलीय" असते, तिला कोणी हाक मारू शकत नाही. पुस्तक घेऊन बसलेली मुलगी घरीच असते, तिला कोणीही हाक मारतं. आणि पाहुणे आले की "काय करते?" "घरीच असते, बाहेरून शिकतेय." या एका वाक्यावर मला स्थळं यायला लागली. दुसऱ्या वर्षाचा फॉर्म भरायचा राहिला कारण त्या महिन्यात माझी सुपारी फुटली. पुढे मुलगा शाळेत जायला लागल्यावर मी उरलेली दोन वर्षं त्याच विद्यापीठातून पूर्ण केली आणि त्यासाठी मी त्यांची ऋणी आहे, त्यांनी दार उघडं ठेवलं. पण १८ व्या वर्षी मला त्या दाराची गरज नव्हती, मला एसटीच्या पासची गरज होती.

मावशी, अडून बसा.

चाकण_सेकंड_शिफ्ट
ताई, हे वाचून गप्प झालो. माझ्या बहिणीचं आठवलं. तिचंही असंच झालं आणि मी तेव्हा काही बोललो नाही.

तरीही एक सांगतो, यात दोष घरच्यांचा आहे, शिकण्याच्या पद्धतीचा नाही. ज्या घरात मुलीचा अभ्यास हे काम धरत नाहीत तिथे कॉलेजला जाऊनही दुसऱ्या वर्षाला लग्न लावतातच की.

रविवारचा_समंत्रक
मी एका कॉलेजात शिकवतो आणि रविवारी तिथल्याच अभ्यासकेंद्रावर समंत्रक म्हणून, म्हणजे मुक्त विद्यापीठाच्या मुलांना मार्गदर्शन करणारा शिक्षक म्हणून, संपर्कसत्रं घेतो, १४ वर्षं झाली, त्यामुळे दोन्ही बाजू रोज बघतो.

पहिलं सत्र असतं तेव्हा यादीत ७०-८० नावं, येतात १५. दुसऱ्याला सात. दिवाळीनंतर मी आणि दोन-तीन जण, त्यात हमखास एक पोलीस शिपाई, एक अंगणवाडी ताई. वयाने मोठे असतात ते टिकतात. बारावी होऊन थेट आलेली मुलं सगळ्यात आधी गळतात आणि ती हुशार नसतात म्हणून नाही, तर आजवर घंटा वाजली की वर्गात बसायची सवय असते आणि इथे घंटाच नसते. पहिले सहा-आठ आठवडे फार नाजूक असतात. पुस्तक मिळालं का, पहिला घटक वाचला का, गृहपाठ कधी द्यायचा हे कळलं का, एक तरी ओळखीचा चेहरा केंद्रावर आहे का. या चार गोष्टी वेळेत झाल्या तर पोरगं वर्ष काढतं. नाहीतर थेट हॉल तिकिटाच्या वेळी फोन येतो की सर पेपर कुठला आहे.

म्हणून अभ्यासिकावाल्या मित्राला सांगतो, तुम्ही पुण्यात आहात, भोवती शंभर पोरं वाचत बसलीत, तीच तुमची घंटा आहे. वस्तीवरच्या मुलीला ती कुठून मिळणार? शिवाय राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झालीय. पानंच्या पानं लिहायची सवय आणि लिहिलेलं कोणीतरी तपासून तोंडावर सांगणं हे वर्गात थोडंफार तरी होतं, गृहपाठ आमच्याकडे एकमेकांचे बघून उतरवलेले येतात, मला अक्षरावरून कळतं.

आणि मावशी, घरात कानडी बोलतात म्हणालात ना, हा मुद्दा छोटा नाही. नुसतं मराठी पुस्तक एकटीने वाचून समाजशास्त्र समजून घेणं तिला इतरांपेक्षा जड जाईल. बोलायला कोणीतरी हवं.

अभ्यासिका_पेठ
सर, वर्णनात्मकचा मुद्दा मान्य, मी स्वतः त्यावर अडकलोय. पण रेग्युलर कॉलेजात तरी कोण तपासून तोंडावर सांगतं? माझ्या भावाला तीन वर्षांत एकाही सरांनी उत्तरपत्रिका समोर ठेवून समजावलेलं नाही. तुम्ही चांगले शिक्षक आहात म्हणून तुम्हाला कॉलेज चांगलं दिसतं.

रविवारचा_समंत्रक
हे खरं आहे आणि मला वाईट वाटतं. आमच्याकडे निम्मे जण तासिका तत्त्वावर आहेत, त्यांच्याकडून किती अपेक्षा करणार. मी कॉलेज उत्तम आहे असं म्हणत नाहीये, तिथे रोज जावं लागतं एवढंच म्हणतोय.

मानसशास्त्र_सांगली
मावशी, एक महत्त्वाची गोष्ट कोणी बोललंच नाही. भाचीला सायकॉलॉजी करायचंय का? तसं असेल तर सगळी चर्चा बाजूला ठेवा आणि हे वाचा.

यूजीसीने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून सायकॉलॉजी दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने शिकवायला बंदी केलीय. २०२१ च्या आरोग्य व्यवसाय कायद्यात, म्हणजे एनसीएएचपी कायद्यात, जे विषय येतात त्यांच्यासाठी हा निर्णय आहे. सायकॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी, बायोटेक्नॉलॉजी, फूड अँड न्यूट्रिशन, क्लिनिकल न्यूट्रिशन असे विषय त्यात आहेत. बी.ए.सारख्या कोर्सात बाकीचे विषय चालू राहतात, फक्त सायकॉलॉजीचा पर्याय काढला जातो. म्हणजे तिने बाहेरून बी.ए. केलं तर इतिहास, राज्यशास्त्र, मराठी मिळेल, सायकॉलॉजी नाही. आणि "आता बी.ए. कर, पुढे एम.ए. सायकॉलॉजी बाहेरून करू" असं कोणी सांगत असेल तर तोही रस्ता बंद आहे.

माझ्या मते निर्णय योग्यच आहे. मी हा विषय २० वर्षं शिकवतेय. समोर बसलेल्या माणसाचं ऐकायचं कसं, चाचणी घ्यायची कशी, प्रॅक्टिकलची जर्नल कशी लिहायची हे पुस्तकातून येत नाही.

जतकर_मावशी
मॅडम, हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं! गावात फॉर्म भरून देणारा एक जण आहे त्याने नेमकं हेच सांगितलं होतं, आधी बी.ए. करा मग सायकॉलॉजीचं बघू. आत्ता बहिणीला फोन केला. ती म्हणाली पोरगी दोन दिवस जेवली नीट नाही, पण कारण कोणी विचारलं नाही.

चाकण_सेकंड_शिफ्ट
सायकॉलॉजीवर बंदी घातली हे मला पटत नाही. प्रॅक्टिकल सक्तीचं करा, महिनाभर कॅम्प लावा, पण दार बंद का? माझ्यासोबत एचआरला एक मॅडम आहेत, घटस्फोटित, लहान मूल, त्यांना समुपदेशक व्हायचं होतं, आता नोकरी सोडून कोणत्या कॉलेजात जाणार त्या? नियम करणाऱ्यांना शिफ्ट माहीत नाही.

मानसशास्त्र_सांगली
तुमच्या सहकारी मॅडमबद्दल मला खरंच वाईट वाटतं, त्यांच्यासारख्यांसाठी संध्याकाळचे वर्ग व्हायला हवेत. पण उद्या त्यांच्यासमोर आत्महत्येचा विचार करणारं पोर येऊन बसेल. ज्यांनी एकदाही शिक्षकाच्या देखरेखीखाली केस हाताळली नाही त्यांच्या हातात मी ते पोर देणार नाही.

रविवारचा_समंत्रक
फॉर्म भरून देणाऱ्यांबद्दल सगळ्यांसाठीच सांगतो, कारण नवीन सत्र तोंडावर आहे. ज्यांना मुक्त विद्यापीठातच जायचंय त्यांनी फॉर्म स्वतः भरा किंवा भरताना शेजारी बसा. आधी एबीसी आयडी, म्हणजे आपले क्रेडिट जमा होतात त्या खात्याचा नंबर, मग यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या (डेब) पोर्टलवर स्वतःचा डेब आयडी काढावा लागतो, २०२४ पासून त्याशिवाय दूरस्थ प्रवेश होत नाही. त्याच पोर्टलवर कुठल्या विद्यापीठाला त्या सत्रासाठी कुठल्या कोर्सची परवानगी आहे ते दिसतं, ते बघूनच पैसे भरा. मोबाईल नंबर आणि ईमेल स्वतःचाच द्या. माझ्याकडे दरवर्षी दोन-तीन विद्यार्थी असे येतात ज्यांचा नंबर दुकानवाल्याचा असतो आणि परीक्षेचा मेसेज त्याच्याकडेच पडून राहतो, वर्ष जातं पोरांचं.

निळी_छत्री
मावशी, दाजींचा खरा विरोध कशाला आहे? पैशाला, की एसटीला, की आणखी कशाला? माझ्या वडिलांनी मला कधी सांगितलं नाही. खूप वर्षांनी कळलं की फाट्यापासून घरापर्यंतचा अंधाराचा रस्ता एवढंच त्यांच्या मनात होतं. तेव्हा कोणी विचारलं असतं तर काहीतरी जमवलं असतं.

जतकर_मावशी
तुमचं वाचून काल रात्री दाजींशी स्वतः बोलले, पाऊण तास. पैशाचं नाहीच आहे. बारावीनंतर विद्यार्थी पास ६६ टक्के सवलतीत मिळतो हे त्यांना माहीत आहे. परतीची गाडी आहे पावणेसहाची, ती फाट्यावर सोडते, तिथून वस्ती दोन किलोमीटर, आणि थंडीत तोवर अंधार पडलेला असतो. हे एवढंच होतं. मी म्हटलं वर्ग संपतात किती वाजता ते तरी विचारलंत का? नाही विचारलं. आज बहिणीने कॉलेजात फोन लावला, आर्ट्सचे वर्ग सकाळचे आहेत, साडेबाराला सुटतात आणि दीडची गाडी मिळते. सायकॉलॉजी पहिल्या वर्षाला आहे, पण तिसऱ्या वर्षाला तो विषय मुलं पुरेशी झाली तरच चालवतात म्हणे, ते एक टेन्शन आहेच.

अभ्यासिका_पेठ
मग तिसऱ्या वर्षी बंद केला तर? दोन वर्षं गाडीने फिरून शेवटी इतिहासातच डिग्री घ्यायची असेल तर माझा मुद्दा तिथेच आहे. आधी लेखी विचारून घ्या.

मानसशास्त्र_सांगली
विचारून घ्या, पण लेखी कोणी देणार नाही. पहिल्या वर्षाला किती मुलींनी घेतलाय तो आकडा विचारा. आणि तसं झालंच तर दुसऱ्या वर्षानंतर सांगलीला बदली घेता येते, समाजकल्याणच्या मुलींच्या वसतिगृहात बसत असेल तर त्याचाही अर्ज वेळेत करा. मला मेसेज करा, मी माहिती काढून देते.

जतकर_मावशी
शनिवारी रात्रीच्या गाडीने निघतेय. सोमवारी भाची, दाजी आणि मी तिघं कॉलेजात जाणार. दाजी अजून हो म्हणालेले नाहीत, "बघू वर्ग कसा हाय" एवढंच म्हणाले. मार्कलिस्ट, दाखला, आधार सगळं काढून ठेवायला सांगितलंय. भाचीने आत्ता मेसेज केला की मावशी सकाळी ७.१० च्या गाडीनेच जाऊ, मला बघायचंय त्या गाडीला किती पोरी असतात.