अनुभव धागा: ‘काका, काय चोरी करून पळायलाव का?’

परवा पहाटे पावणेसहाला मी दौलताबाद रस्त्यावर, मिटमिट्याच्या थोडं पुढं पळत होतो. मागून एक पिकअप आली. क्लीनरच्या बाजूनं एका पोरानं डोकं बाहेर काढलं आणि ओरडला, “काका, काय चोरी करून पळायलाव का?” मला हसू आलं. ते येतं न येतं तोच पिकअपचा आरसा माझ्या कोपराला चाटून पुढं गेला. कोपर अजून निळं आहे.

ऑफिसात सांगितलं तर सगळ्यांचा एकच प्रश्न: रस्त्यावर पळायलाच कशाला पाहिजे? आठ वर्षं पळतोय, आणि आठ वर्षं हाच प्रश्न. गाडीवाल्याला कुणी विचारत नाही की बाबा, तू रस्त्यावरच का चालवतोस.

म्हणून हा धागा. मराठवाड्यातल्या रस्त्यांवर पळणाऱ्यांनी आपापले अनुभव लिहावेत. गाडीवाल्यांनीही लिहावं, त्यांना मनाई नाही. दोनच अटी. गाडीचा नंबर किंवा कुणाचं नाव नको. आणि ‘ट्रेडमिल घ्या’ असं सांगणाऱ्यांनी सोबत लाइट बिल भरायची हमी द्यावी.

काळी_माती (गंगाखेड तालुका)

दादा, मी हौसेनं पळत नाही. पोलीस भरतीसाठी पळते. मुलींना ८०० मीटर असतं. २ मिनिटं ५० सेकंदांत आलं की २० पैकी २० मार्क. माझे सध्या ३ मिनिटं ४ सेकंद लागायलेत.

‘रस्त्यावरच का’ ह्याचं उत्तर माझ्याकडं आहे. गावात मैदान नाही. शाळेचं पटांगण आहे, त्याला गोल चक्कर मारली तर एका ८०० ला किती वळसे होतात ते मोजता मोजताच दम जातो. शेतातून पळावं तर आमच्याकडं सगळी काळी माती. पावसाळ्यात एका बुटाला दोन किलो चिखल, उन्हाळ्यात भेगा, पाय मुरगळायला पुरेशा. राहिला डांबरी रस्ता. त्याच्यावर दर २०० मीटरला बुटके दगड असतात, २, ४, ६, ८ लिहिलेले. किलोमीटरच्या मोठ्या दगडापासून निघायचं आणि ८ च्या दगडाला हात लावायचा. झाले ८०० मीटर. फुकटात एवढं मापून दिलेलं दुसरं काही नाही आमच्याकडं.

आम्ही पाच जणी आहोत. पहाटे पाचला जातो, कारण सातनंतर घरची कामं असतात आणि मार्च लागला की ऊनही सोसत नाही. पण पहाटेच वाळूच्या हायवा, म्हणजे मोठे टिपर, पळतात. त्यांना उजाडायच्या आत खेप टाकायची असते. का, ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांच्या हॉर्नला आम्ही भीत नाही. भीती वाटते ती हॉर्न न वाजवणाऱ्याची. माझा चुलतभाऊ एका टोकाला मोटारसायकल उभी करून इंडिकेटर लावून थांबतो. ज्या दिवशी त्याला दूध घालायला जावं लागतं त्या दिवशी आम्ही पळत नाही, नुसते दंड-बैठका.

मागच्या महिन्यात एका हायवानं मुद्दाम साइडपट्टीवर घेतली. मुद्दाम म्हणते, कारण समोरून काहीच येत नव्हतं. आम्ही पाचही जणी बाभळीत. वरून हसण्याचा आवाज आला. मैत्रिणीच्या पोटरीतला काटा काढायला मोबाईलचा उजेड धरला, तेव्हा माझाच हात थरथरत होता.

सकाळचा_चहा (लातूर)

वय ३८, दोन मुलं, औसा रोडला पळते. आधी सगळ्यांसारखी डाव्या बाजूनं पळायचे. एकदा एक पांढरी गाडी मागून आली आणि माझ्याच वेगानं चालायला लागली. काच खाली. मी थांबले तर गाडी थांबली. पळाले तर तीही निघाली. असं किती अंतर गेलं सांगता येत नाही, पण दूध डेअरीचा टेम्पो दिसेपर्यंत माझ्या पायांना पायपण नव्हतं. टेम्पोच्या पुढ्यात हात करून उभी राहिले. गाडी निघून गेली.

तेव्हापासून उजव्या बाजूनं, येणाऱ्या गाड्यांच्या समोरून पळते. दोन फायदे होतात. येणारं वाहन दिसतं, उडी मारायला वेळ मिळतो. आणि कुणाला माझ्या मागं मागं रेंगाळता येत नाही, त्याला उलट्या बाजूनं यावं लागेल. बायकांनी तर हे करून बघाच.

गुटख्याच्या पिचकारीचं लिहू का? नको. ज्यांना अनुभव आहे त्यांना कळेल.

ऊसवाला (अंबाजोगाई)

दिवाळीनंतर आमच्याकडं रस्ता ट्रॅक्टरांचा. मागं दोन दोन ट्रॉल्या, मागच्या ट्रॉलीला ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर, आणि डेक एवढा मोठा की ड्रायव्हरला स्वतःचं इंजिन ऐकू येत नसेल. थंडीचे दिवस, उजाडायला सात वाजतात, म्हणजे आमची पळायची वेळ आणि त्यांची वाहायची वेळ एकच.

वरच्या ताईंचं समोरून पळायचं बरोबर आहे, फक्त उसाच्या ट्रॉलीला ते लागू नाही. मोळ्यांची टोकं बाजूला हात-दीड हात बाहेर आलेली असतात. एकदा ट्रॅक्टर चुकवला, पहिली ट्रॉली चुकवली, दुसरीनं गालावर ओढली. घरी बायको म्हणाली, मांजर पाळलंय का कुठं?

ट्रॉली दिसली की मी सरळ रस्ता सोडतो आणि दोन्ही ट्रॉल्या जाईपर्यंत उभा राहतो. टायमिंगचं नुकसान होतं. होऊ दे.

आष्टीकर (बीड)

आमच्या तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसचं सुवर्ण आणलं, तेव्हा गावोगावचे बॅनर अजून आठवतात. तो लहानपणी सहा-सहा किलोमीटर शाळेला पळत जायचा हे प्रत्येक सत्कारात ऐकलंय. ऐकून पोरं रस्त्यावर उतरली. बॅनर लावणाऱ्यांपैकी एकानं तरी चारशे मीटरचा ट्रॅक आखून दिलाय का, हे मी विचारत नाही, कारण मग विषय राजकारणावर जातो.

जानेवारी २०२५ मध्ये बीड जिल्ह्यातच घोडका राजुरीला भरतीची तयारी करणारी तीन पोरं पहाटे बसखाली गेली. माझा भाचा त्या वेळी तशीच तयारी करत होता, दुसऱ्या गावात. बातमी आली त्या दिवशी बहिणीनं त्याचे बूट ट्रंकेत घालून कुलूप लावलं. चौथ्या दिवशी तो अनवाणी पळायला गेला. मग तिनंच कुलूप काढलं.

डिप्पर (जालना)

मी गाडीवाला. आयशर आहे, मोसंबीच्या सीझनला वाशी मार्केटच्या खेपा करतो. शिव्या खायची तयारी ठेवून लिहितोय.

आधी आमची बाजू. समोरचा अप्पर लाइट मारत आला की दोन सेकंद काही म्हणजे काही दिसत नाही. ताशी ८० नं गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. म्हणजे ४४ मीटर मी डोळे मिटून चालवल्यासारखंच. त्यात तुम्ही काळी पँट, काळा टी-शर्ट, कानात बोंडं. आणि चार जण आडवे, गप्पा मारत. मला तुम्ही दिसता तेव्हा तुम्ही बोनेटपासून एवढ्यावर असता. रस्त्याचं काम करणारे मजूर घालतात तसलं नारिंगी-हिरवं जॅकेट हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळतं. त्याच्या पट्ट्या लाइटमध्ये लांबून चमकतात. माणूस दिसत नाही, पट्ट्या दिसतात. तेवढ्यानं काम होतं.

आता दुसरी गोष्ट. दोन वर्षांपूर्वी वाशीहून रिकामा परत येत होतो. जालना तासाभरावर राहिलं होतं. चहा प्यायला थांबायला पाहिजे होतं, थांबलो नाही. डुलकी लागली. गाडीची डावी चाकं साइडपट्टीवर खडखडली तसा जागा झालो, आणि एक माणूस नालीत उडी टाकताना दिसला. गाडी लागली नाही त्याला, ह्याची मला खात्री आहे. नव्वद टक्के. आरशात बघितलं तर रस्त्यावर एक बूट पडलेला, एकच. मी थांबलो नाही. मालकाचा माल नव्हता, घाई नव्हती, तरी थांबलो नाही. घरी जाऊन गाडीला चारी बाजूंनी हात लावून बघितलं.

तो बूट पांढरा होता, निळ्या नाडीचा. इथं कुणाचा असेल तर सांगा.

सकाळचा_चहा

@डिप्पर, तुमचं जॅकेटचं पटलं, उद्याच आणते. कानातली बोंडं मी त्या पांढऱ्या गाडीनंतरच बंद केली. पण थांबायला पाहिजे होतं तुम्ही.

डिप्पर

हो ताई.

पायताण (नांदेड)

मी निवृत्त शिक्षक, पळत नाही, भरभर चालतो. विष्णुपुरीकडं जाताना गेल्या पावसाळ्यात मागून मोटारसायकलनं उडवलं. खुबा मोडला. गाडीवाला पळाला, नंबर कुणीच बघितला नाही. उचललं एका ऑटोवाल्यानं. तो मला दवाखान्याच्या दारात सोडून लगेच निघायच्या घाईत होता, कारण ‘साक्षीला बोलवत्याल’. कायद्यानं त्याला आता संरक्षण आहे. जखमीला मदत करणाऱ्याला नाव सांगायची किंवा साक्षीदार व्हायची जबरदस्ती करता येत नाही. मी कण्हत कण्हत त्याला हे समजावलं, शिक्षकाची खोड. पटलं नसावं, गेलाच.

कामाची माहिती: गाडी सापडली नाही तरी भरपाई आहे. १ एप्रिल २०२२ पासून हिट अँड रनमध्ये मृत्यू झाला तर २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५०,००० रुपये. अर्ज आपल्या भागातल्या उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदाराकडं जातो, सोबत एफआयआरची प्रत आणि दवाखान्याचे कागद. मला हे ठाण्यात कुणी सांगितलं नाही. सांगितलं गल्लीतल्या विमा एजंटानं, तेही स्वतःची पॉलिसी खपवता खपवता. एफआयआर ‘अज्ञात वाहन’ म्हणून का होईना, नोंदवून घ्याच. गाडीच नाही तर केस कशाला, असं म्हणून परत पाठवतात. हलायचं नाही.

नाथषष्ठी (पैठण)

जरा वेगळा अनुभव. फाल्गुनात षष्ठीला पैठणला दिंड्या येतात तेव्हा आमचा रस्ता माणसांनी भरलेला असतो. त्या दिवसांत मी दिंडीच्या कडेकडेनं पळतो. काय सांगू, ट्रक थांबतात. कंटेनरवाला इंजिन बंद करून हात जोडतो. म्हणजे ब्रेक आहेत गाडीला! मेंढरं आली तरी थांबतात, वरात आली तरी थांबतात. हाफ पँटीतला एकटा माणूस मात्र त्यांना कळत नाही, कारण तो कुठं चाललाय हेच कुणाला माहीत नसतं.

मग मी एक प्रयोग केला. षष्ठी झाल्यावर आठवड्यानं, घरातली पताका काठीसकट खांद्यावर घेऊन पळालो. ढोरकीनच्या बाजूनं सहा किलोमीटर. एकानंही कट मारला नाही. एका टेम्पोनं तर केळी दिली. परतीला रस्त्यावरच्या एका म्हातारीनं पाया पडून विचारलं, “माऊली, कुठली दिंडी? बाकीचे मागं राहिले का?” मला काय बोलावं सुचेना. केळी तिला दिली. पताका घरी नेऊन देवघरात ठेवली, परत काढली नाही.

(धागाकर्ता)

हे वाचून पोट धरून हसलो आणि मग गप्प बसलो. @डिप्पर, माझे बूट काळे आहेत, पण लिहिलंत ते बरं केलंत. पायताण सर, तुमचा अर्जाचा भाग वेगळा लिहून द्याल का, छापून क्रीडा संकुलाच्या फाटकाला चिकटवतो.

@काळी_माती, ३:०४ चं काय झालं?

काळी_माती

२:५८ झालं दादा. पण ते खरं का खोटं कळायला मार्ग नाही. सोमवारी गेलो तर ८ चा दगड जागेवर नव्हता. नालीत उलथा पडलेला, वर टायरचे वळ. तिघींनी मिळून ओढत आणला आणि अंदाजानं उभा केला. त्याच्यावर पळून २:५८. आता मामाकडून शेत मोजायचा टेप मागवलाय. उद्या पहाटे आधी ६ पासून २०० मीटर मोजणार, मग पळणार. चुलतभावाला दूध घालायला सुट्टी घ्यायला लावलीय.