जागतिक फिगर स्केटिंग स्पर्धेतून कंपल्सरी फिगर्स काढल्या, हे चुकलंच

गोदाकाठ (धागालेखिका)

जागतिक फिगर स्केटिंग अजिंक्यपद स्पर्धा १८९६ पासून भरते. पहिली सेंट पीटर्सबर्गला झाली. स्पर्धक अवघे चार, आणि जिंकले जर्मनीचे गिल्बर्ट फुक्स. तेव्हापासून १९९० च्या हॅलिफॅक्सच्या स्पर्धेपर्यंत एकेरीत उतरणाऱ्या प्रत्येकाला बर्फावर ठरावीक आकृत्या, म्हणजेच कंपल्सरी फिगर्स, काढून दाखवाव्या लागत. त्या स्पर्धेनंतर ही परीक्षा कायमची बंद झाली. माझ्या मते या स्पर्धेच्या इतिहासातली ही सगळ्यात मोठी चूक आहे.

ज्यांनी फक्त अलीकडच्या स्पर्धा पाहिल्यात त्यांच्यासाठी थोडं सांगते. स्केटच्या पात्याच्या तळाला मधोमध खोलगट खाच असते, त्यामुळे दोन बाजूंना दोन एज, म्हणजे धारा, तयार होतात. फिगर काढताना उभ्या जागेवरून एकदाच रेटा द्यायचा, एका पायाच्या एकाच एजवर तोल धरून आपल्या उंचीच्या साधारण तिप्पट व्यासाचं वर्तुळ पुरं करायचं, नेमकं निघालेल्या बिंदूवर परत यायचं, मग दुसऱ्या पायावर दुसरं वर्तुळ. झाला इंग्रजी आठ. आता तोच आठ त्याच रेघेवरून पुन्हा, आणि आणखी एकदा. काही आकृत्यांत मध्येच त्याच पायावर वळण घ्यायचं. हे झालं की परीक्षक बर्फावर उतरत आणि ओणवे होऊन रेघा बघत. तीन फेऱ्यांच्या रेघा किती फाकल्या? वळण जागेवर पडलं का? कुठे दोन्ही एज टेकून जोडरेघ उमटली का?

यात लपवायला जागाच नव्हती. चेहरा, कपडे, संगीत, टाळ्या, कशाचाही संबंध नाही. १९०२ ला लंडनमध्ये मॅज सायर्स या इंग्लिश बाईंनी पुरुषांच्याच स्पर्धेत नाव दिलं, कारण नियमांत बायकांना मनाई असल्याचं कुठे लिहिलंच नव्हतं. त्या उलरिक साल्कोव्हच्या पाठोपाठ दुसऱ्या आल्या. साल्कोव्ह म्हणजे दहा वेळा जगज्जेता झालेला माणूस. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय संघटनेने बायकांना बंदी घातली. कारणं काय दिली? लांब झग्यामुळे पाय दिसत नाहीत, एखादा परीक्षक स्पर्धक बाईच्या प्रेमात असू शकतो, आणि बायकांची पुरुषांशी तुलना करणं अवघड आहे. अहो, पाय दिसो न दिसो, बर्फावरची रेघ तर समोर होती! ती बाईची की पुरुषाची हे रेघ सांगत नाही. शेवटी १९०६ ला दाव्होसमध्ये बायकांची वेगळी स्पर्धा सुरू झाली आणि पहिली दोन वर्षं सायर्सच जिंकल्या.

असा पुरावा मागे ठेवणारी परीक्षा आपण हातची घालवली. तुम्हाला काय वाटतं?

चकोर

पूर्ण असहमत. ज्या हॅलिफॅक्सचं नाव घेताय तिथलाच निकाल बघा. जपानची मिदोरी इतो फिगर्समध्ये दहावी होती. संगीतावरचे नंतरचे दोन्ही कार्यक्रम तिने जिंकले, तरी सुवर्ण मिळालं अमेरिकेच्या जिल ट्रेनेरीला. तोपर्यंत एकूण गुणांत फिगर्सचं वजन घटून फक्त २० टक्के उरलं होतं, तरी ही गत! १९६८ च्या आधी ते ६० टक्के होतं. म्हणजे मैदान भरण्याआधीच निकाल जवळपास लागलेला असायचा.

ऑस्ट्रियाच्या बेआट्रिक्स शुबा १९७१ आणि १९७२ च्या जगज्जेत्या. १९७२ च्या साप्पोरो ऑलिंपिकमध्ये फ्री स्केटिंगला (संगीतावरचा उड्या-गिरक्यांचा मोठा कार्यक्रम) त्या सातव्या आल्या, सुवर्ण त्यांनाच. अमेरिकेच्या जॅनेट लिनने फ्री स्केटिंग जिंकलं, तिला कांस्य. टीव्हीवर लोकांना दिसायचं फक्त फ्री स्केटिंग. जिचं स्केटिंग बघून लोक उभे राहिले ती तिसरी आणि सातवी आलेली पहिली, हे प्रेक्षकांनी का म्हणून मान्य करावं?

गोदाकाठ

चकोर, शुबाबाईंवर अन्याय करू नका. त्यांच्या फिगर्सच्या जवळपास जाणारं त्या काळात कोणी नव्हतं आणि नियम सर्वांना आधीपासून माहीत होते. टीव्हीने खेळाचा अर्धाच भाग दाखवला, त्याची शिक्षा खेळाला का?

शिवाय तोडगा निघाला होता की. १९७३ ला शॉर्ट प्रोग्रॅम (ठरलेल्या उड्या-गिरक्यांचा छोटा कार्यक्रम) आणला आणि फिगर्सचं वजन ४० टक्क्यांवर आणलं. जॅनेट लिनसारख्यांना न्याय मिळावा हाच त्यामागचा विचार मानला जातो. त्या वर्षी ब्रातिस्लाव्हात काय झालं? लिन त्याच शॉर्ट प्रोग्रॅममध्ये दोनदा पडली आणि दुसरी आली, जिंकली कॅनडाची कॅरन मॅग्नसन. म्हणजे फिगर्स असतानाही समतोल साधता येत होता. आणि इतोचं म्हणाल, तर १९८९ ला पॅरिसमध्ये तिने फिगर्स असलेलीच स्पर्धा जिंकली, ट्रिपल ॲक्सल (हवेत साडेतीन फेऱ्यांची उडी) मारून. जागतिक स्पर्धेतला तो कुठल्याही बाईचा पहिला ट्रिपल ॲक्सल आणि आशियाचं एकेरीतलं पहिलं सुवर्ण.

प्राजक्ता टोरंटोकर

माझी मुलगी इथे स्केटिंग शिकते, म्हणून जे रोज बघते ते लिहिते. तिच्या प्रशिक्षिकेने फिगर्सचा जमाना अनुभवलाय. सराव सुरू होताना स्वच्छ बर्फाच्या कोपऱ्यात ती मुलींना वर्तुळं काढायला लावते. मुलगी जोरात येऊन गिरकी घेते तेव्हा मला सगळं छानच दिसतं. पण वर्तुळ काढून झालं की प्रशिक्षिका तिला मागे नेते आणि बोट दाखवते. वळणाच्या जरा आधी वीतभर जोडरेघ असते. तिथे तिचा भार एजवरून सुटलेला असतो. उडी बिघडते ती तिथेच, हवेत नाही. हे मला आई म्हणून कधीच दिसलं नसतं.

तेव्हा फिगर्सचा फायदा आहे हे मान्य. कॅनडाच्या पॅट्रिक चॅनचं उदाहरण इथे सगळे देतात. २०११ ते २०१३ सलग तीन वर्षं जगज्जेता. त्याचे लहानपणीचे प्रशिक्षक ऑस्बोर्न कोल्सन जुन्या वळणाचे होते, त्यांनी त्याच्याकडून एजचाच सराव घोटून घेतला. पण स्पर्धेत परत आणा म्हणाल तर माझा ठाम विरोध. फिगर्सच्या सरावाला प्रत्येकाला बर्फाचा वेगळा तुकडा लागतो, तोही रोज काही तास. रिंकचं तासाचं भाडं इथल्या पालकांना विचारा. ज्यांच्या घरी पैसा किंवा ज्यांच्या देशात भरपूर रिंक, त्यांचीच पोरं वर येणार.

सह्यवारा

धागालेखिकेचा रेघेच्या पुराव्याचा मुद्दा ऐकायला चांगला आहे, इतिहासात टिकत नाही. १९२७, ऑस्लो. पाच परीक्षक, त्यांतले तीन नॉर्वेचे. तिघांनीही नॉर्वेच्या सोन्या हेनीला पहिलं ठेवलं, जर्मन आणि ऑस्ट्रियन परीक्षकांनी हेर्मा साबोला. साबो आधीची सलग पाच वर्षं जगज्जेती होती. हेनी जिंकली. एवढा आरडाओरडा झाला की पुढे एका देशाचा एकच परीक्षक असा नियम करावा लागला. तेव्हा निम्म्याहून जास्त वजन फिगर्सचंच होतं ना? रेघ बर्फावर समोर होती, तरी परीक्षकांची मतं देशांच्या सीमेवरच फुटली. उलट फिगर्स बघायला प्रेक्षक जवळपास नसायचे, त्यामुळे परीक्षकांना जाब विचारणारंही कोणी नसायचं.

दुसरं, गाण्यात पलटे घोटल्याशिवाय गळा तयार होत नाही हे सगळ्यांना मान्य आहे. पण मैफलीत कोणी पलट्यांना दाद देत नाही. सरावाची गोष्ट सरावात राहू द्या.

गोदाकाठ

सह्यवारा, ऑस्लोचा मुद्दा वजनदार आहे, पण त्यातून परीक्षक वाईट होते एवढंच सिद्ध होतं. २००२ च्या सॉल्ट लेक ऑलिंपिकमध्ये जोडी स्केटिंगच्या निकालावरून जो गदारोळ झाला, तिथे तर फिगर्सचा प्रश्नच नव्हता. त्यापायी सहापैकी गुण देण्याची जुनी पद्धत मोडीत निघाली आणि २००५ च्या मॉस्कोच्या जागतिक स्पर्धेपासून नवी गुणपद्धत आली.

पलट्यांचं म्हणाल तर मैफलीत गवयाला लगेच पकडणारे कान समोर बसलेले असतात. स्केटिंगमध्ये एज चुकीचा आहे हे साध्या डोळ्यांना कळतच नाही. लुट्झ उडी पायाच्या बाहेरच्या एजवरून मारायची असते. कित्येक जणी अगदी शेवटच्या क्षणी आतल्या एजवर घसरतात आणि उडी लुट्झ म्हणूनच खपवतात.

आणखी एक. १९९१ पासून स्पर्धा उड्यांची झाली आणि पोरी लहान होत गेल्या. १९९३ ला प्रागमध्ये जिंकली तेव्हा ओक्साना बायुल १५ वर्षांची, १९९७ ला लोझानमध्ये जिंकली तेव्हा तारा लिपिन्स्की १४ वर्षांची. हलक्या शरीराला उड्या सोप्या जातात. फिगर्स पक्क्या व्हायला वर्षं लागायची, म्हणून बाईला बाई होईपर्यंत या खेळात जागा होती.

चकोर

ताई, हेनी १९२७ ला जिंकली तेव्हा १४ चीच होती. फिगर्स ऐन भरात असताना! लिपिन्स्कीने तिचाच विक्रम मोडला, तोही जेमतेम महिन्याभराच्या फरकाने. वयाचा प्रश्न वयाच्या नियमानेच सुटतो आणि तो नियम आता आलाय. २०२४-२५ च्या हंगामापासून वरिष्ठ गटात किमान १७ वर्षं. त्याच हंगामात बॉस्टनला अमेरिकेची अलिसा लिऊ जिंकली, १९ व्या वर्षी. १६ व्या वर्षी खेळ सोडून घरी बसलेली मुलगी परत येऊन जगज्जेती झाली.

लुट्झचंही तसंच. चुकीचा एज नवी गुणपद्धत स्लो मोशनमध्ये पकडते आणि गुण कापते. फिगर्सच्या काळात ती सोय तरी होती का? आणि एजची परीक्षा संपलेली नाही. आजही स्टेप सीक्वेन्समध्ये (पावलं आणि वळणांची मालिका) वरची लेव्हल, म्हणजे काठिण्याची वरची पायरी, हवी असेल तर रॉकर, काउंटर, ब्रॅकेट, लूप ही वळणं दाखवावीच लागतात. तुमच्या फिगर्समधलीच ना ती? फक्त आता ती वेगात, संगीतावर आणि हजारो लोकांसमोर घ्यावी लागतात. अमेरिकेच्या इलिया मलिनिनने २०२४ ला माँट्रियलमध्ये एका कार्यक्रमात सहा क्वाड (हवेत किमान चार फेऱ्यांच्या उड्या) मारले, त्यात क्वाड ॲक्सलही होता. ते एजवर ताबा नसताना जमलं असेल असं वाटतं का?

गोदाकाठ

मलिनिनबद्दल आदरच आहे. पण लेव्हलसाठी वळण दिसलं की भागतं. ते स्वच्छ होतं की ओढूनताणून, हे चार सेकंदांत कोण बघणार? आकृती काढल्यावर तिच्यापाशी थांबून मान वाकवून बघता यायचं, फरक तिथे आहे. २०१५ पासून लेक प्लॅसिडला काळ्या बर्फावर फक्त फिगर्सची वेगळी स्पर्धा सुरू झाली. पांढऱ्या रेघा काळ्यावर इतक्या स्पष्ट उठतात की त्या टीव्हीवरही दाखवता येतील. १९७२ ला ही युक्ती कोणाला सुचली असती तर शुबाबाईंचं कौशल्य घराघरांत दिसलं असतं. माझी मागणी एवढीच की जागतिक स्पर्धेत एक दिवस फिगर्सचा ठेवा आणि त्याचं पदक वेगळं द्या. जोडी स्केटिंग १९०८ ला जोडलं, आइस डान्स १९५२ ला. मग हे का नाही?

प्राजक्ता टोरंटोकर

वेगळं पदक असेल तर माझी हरकत नाही. माझ्या मुलीची प्रशिक्षिका तर पहिल्या रांगेतलं तिकीट काढेल.

चकोर

वेगळ्या पदकाला माझाही विरोध नाही, ज्यांना हौस आहे त्यांनी उतरावं. पण एकेरीच्या गुणांत त्यातला एक टक्काही मिसळू नये. मिदोरी इतोचं हॅलिफॅक्सचं सुवर्ण कोणी परत देणार नाहीये.