नाशिक ते दिल्ली: विमानाने अंतर किती, वेळ किती?

प्रश्न: ओझरहून (नाशिकच्या विमानतळावरून) दिल्लीचं हवाई अंतर किती? तिकिटावर दोन तासांच्या आसपास वेळ दिसतो, इतका कसा? नाशिकच्या द्वारका चौकातून कधी निघावं?

उत्तर 1: सरळ रेषेत साधारण 990 किमी. ताशी 800 किमी धरले तर सव्वा तास होतो. पण तिकिटावरची वेळ जागेवरून हलल्यापासून दिल्लीत जागेवर थांबेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंत जाणं, चढताना-उतरताना कमी वेग, ठरलेल्या हवाई मार्गाचा वळसा, दिल्लीत उतरायची रांग, सगळं त्यातच.

उत्तर 2: ओझर नाशिक शहरापासून जेमतेम 20 किमी, मुंबई-आग्रा महामार्गावरच. तरी द्वारकेचा सिग्नल संध्याकाळी हमखास अडकवतो, म्हणून उड्डाणाआधी तीन तास निघा. चेक-इन काउंटर 60 मिनिटं आधी बंद होतो, नंतर विनवण्या चालत नाहीत.

उत्तर 3: डिसेंबर-जानेवारीत दिल्लीत पहाटे दाट धुकं असतं. पुढची गाडी किंवा विमान गाठायचं असेल तर दुपारचंच उड्डाण घ्या हो, आणि मध्ये निदान चार तास ठेवा.