मदत हवी आहे: स्वतःचे उपाय आणि समुपदेशन यांची सांगड कशी घालावी?

माझ्यावर झालेल्या लैंगिक अत्याचाराला 4 वर्षे होऊन गेली. त्याविषयी मी आजवर फक्त मोठ्या बहिणीशी बोलले आहे. मागून कोणी अचानक खांद्यावर हात ठेवला, की अंग ताठ होते आणि आपण कुठे आहोत हेच क्षणभर उमगत नाही. अशा वेळी दिसणाऱ्या 5 वस्तू, स्पर्शाला जाणवणाऱ्या 4, ऐकू येणारे 3 आवाज, 2 वास आणि 1 चव मनात मोजण्याचा उपाय मी करते. दिवसा त्याने भानावर येते. रात्री दचकून जाग आल्यावर मात्र अंधारात 5 वस्तू दिसणार तरी कशा? मग उशाशी ठेवलेली थंड पाण्याची बाटली घट्ट धरून बसते. वहीत आठवणी लिहून काढण्याचा प्रयत्न तर अंगलटच आला, कारण त्यानंतर दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

आता समुपदेशकाकडे जावे असे वाटते. ज्यांनी आघातकेंद्रित सीबीटी (आघाताशी जोडलेले विचार आणि वागणे संवादातून बदलण्याची पद्धत) किंवा ईएमडीआर (डोळ्यांच्या ठरावीक हालचाली करत आघाताच्या आठवणींवर काम करण्याची पद्धत) हे उपचार घेतले आहेत, त्यांनी कृपया सांगावे: पहिल्याच भेटीत घडलेले सगळे सांगावे लागते का, आणि दोन भेटींच्या मधल्या दिवसांत आपण स्वतःला कसे सावरले? तक्रार करावी की नाही, याविषयीचा सल्ला तूर्त नको.