जुना प्लाझ्मा की नवा एलसीडी? उजेडाच्या हॉलसाठी सल्ला हवा

तापीकाठ (भुसावळ):
हॉल १४ बाय ११ फुटांचा, पश्चिमेला मोठी खिडकी. सोफा टीव्हीपासून नऊ फुटांवर, दोन खुर्च्या पार कडेला. दुपारी मालिका आणि बातम्या, संध्याकाळी क्रिकेट. नात्यातून २०११ चा ४२ इंची प्लाझ्मा जवळजवळ फुकटात मिळतोय. दुसरा पर्याय नवा ४३ इंची एलईडी. दुकानदार म्हणतो, एलईडी म्हणजे एलसीडी नव्हेच. खरं आहे का? उन्हाळाभर कूलर चालतो, व्होल्टेज वर-खाली होतं. काय घ्यावं?

सोल्डरगन (जळगाव):
भाऊ, दुकानात एलईडी म्हणून विकला जाणारा जवळपास प्रत्येक टीव्ही एलसीडीच असतो. काचेतलं लिक्विड क्रिस्टल तेच. पूर्वी मागून उजेड द्यायला बारीक ट्यूबलाइट असायच्या, आता एलईडीच्या पट्ट्या असतात. प्लाझ्माचं काम निराळं. त्यात झेनॉन-निऑन वायू भरलेला प्रत्येक बारीक कप्पा स्वतः पेटतो आणि विझतो, म्हणून काळा रंग गडद दिसतो आणि कडेला बसूनही चित्र बदलत नाही.

तरी तुमच्या हॉलसाठी प्लाझ्मा नको. पुढची काच आरशासारखी असते, चार वाजता पश्चिमेचं ऊन आलं की चित्राऐवजी खिडकी दिसेल. वीजही बघा: ४२ इंची प्लाझ्मा साधारण २०० वॅट घेतो, म्हणजे पाच तासांना एक युनिट. तेवढ्याच आकाराचा एलईडी ७० वॅटच्या आसपास भागवतो. घेतलेली सगळी वीज शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते, आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ ला टेकतो. बहुतेक टीव्हींच्या पुस्तिकेत खोलीचं तापमान ४० अंशांपर्यंतच चालेल असं लिहिलेलं असतं.

सगळ्यात मोठी अडचण सुट्या भागांची. पॅनासॉनिकने २०१३ च्या अखेरीस प्लाझ्माचं उत्पादन थांबवलं, पुढच्या वर्षी सॅमसंग आणि एलजीनेही. वाय-सस किंवा झेड-सस बोर्ड (प्लाझ्माचा पडदा चालवणारी सर्किटं) गेलं तर नवं मिळत नाही, भंगारातल्या सेटमधून काढलेलं शोधावं लागतं.

काळोख_प्रेमी (धुळे):
त्यांच्या हॉलपुरतं मान्य, पण प्लाझ्मा सरसकट टाकाऊ नाही. पडदे लावून रात्री सिनेमा बघणाऱ्याला आजचा स्वस्त एलईडी तेवढा गडद काळा देत नाही. धावता चेंडूही प्लाझ्मावर जास्त स्पष्ट दिसतो, कारण चित्र क्षणभर उजळून विझतं. साध्या ६० हर्ट्झच्या (सेकंदाला ६० चित्रं दाखवणाऱ्या) एलसीडीवर प्रत्येक चौकट पुढची येईपर्यंत पडद्यावर टिकून राहते, त्यामुळे डोळ्याला फरकाटा दिसतो.

कोणी घेणारच असेल तर आधी पाऊण तास चालवून तापू द्या. मग पूर्ण पांढरं आणि पूर्ण राखाडी चित्र लावा. वाहिनीचा लोगो किंवा बातम्यांची खालची पट्टी पुसट दिसली तर ठसा बसलाय. नुकताच बसलेला ठसा हलतं चित्र लावून ठेवलं की काही तासांत जातो, वर्षांचा जात नाही. अंधाऱ्या दृश्यात लाल-हिरवे ठिपके चमचमत असतील तर पॅनल थकलंय किंवा सस बोर्ड. सेटच्या पुढचा छोटा दिवा ठरावीक वेळा लुकलुकून सेट बंद पडत असेल तर हातच लावू नका. आणताना उभाच आणा. वीस-पंचवीस किलोचा सेट, आडवा टाकला की रस्त्याच्या हादऱ्याने काच तडकते. आणि ४२ इंचीमधले बरेच सेट १०२४ × ७६८ बिंदूंचेच आहेत, फुल एचडी नाहीत.

तापीकाठ:
म्हणजे दिवसभर बातम्या चालणाऱ्या घरात ठसा बसणारच. प्लाझ्मा सोडला. मग एलईडीत काय बघू? सगळे सारखेच दिसतात.

सोल्डरगन (जळगाव):
सारखे नाहीत भो, खरी निवड इथेच आहे. पॅनल दोन जातींचं येतं. व्हीए पॅनलचा काळा चांगला, कॉन्ट्रास्ट (पांढऱ्या-काळ्यातला फरक) ३००० ला १ च्या पुढे, पण कडेने बघितलं की रंग फिकटतात. आयपीएसचा कॉन्ट्रास्ट साधारण १००० ला १, रात्री काळा राखाडी वाटतो, पण कडेच्या खुर्चीवरूनही रंग तसेच राहतात. तुमचं बघणं बरंचसं दिवसाचं आणि माणसं कडेला बसणार, तेव्हा आयपीएस घ्या. एकाच मॉडेलमध्ये दोन्ही पॅनल येऊ शकतात, म्हणून नावावर जाऊ नका. दुकानात दोन पावलं बाजूला सरका आणि माणसाच्या चेहऱ्याचा रंग बघा, लगेच कळतं.

आणि नऊ फुटांवरून ४३ इंच लहान पडेल. ५० किंवा ५५ बघा.

आता टिकण्याचं. एलईडी टीव्हीत सर्वात जास्त जाते ती मागून उजेड देणारी पट्टी, म्हणजे बॅकलाइट. आवाज येतो, पडदा काळा, आणि बॅटरीचा झोत तिरका मारला की चित्र पुसट दिसतं. दिवे एकापुढे एक जोडलेले असतात, एक उडाला की पूर्ण ओळ बंद. कारण उष्णता. कंपनीतून बॅकलाइट पुष्कळदा १०० च्या आसपास येतो, पहिल्याच दिवशी ५०-६० वर आणा. तो ‘ब्राइटनेस’पेक्षा वेगळा असतो, पुष्कळ सेटमध्ये ब्राइटनेस फक्त काळ्याची पातळी बदलतो. पट्टी गेलीच तर एकच दिवा बदलून घेऊ नका, सगळ्या पट्ट्या एकदम बदला. पॅनल उचलताना काठाची पातळ रिबन (चपटी वायर) दुखावली तर उभ्या रेघा येतात आणि मग सेट संपलाच, म्हणून सवयीच्या हाताकडूनच करून घ्या.

वीजवाले_काका (चाळीसगाव):
व्होल्टेजबद्दल. टीव्हीचा पॉवर सप्लाय सहसा १०० ते २४० व्होल्टवर चालतो, त्यामुळे कमी दाब फारसा बाधत नाही. मारतो तो जास्तीचा. खांबावरचा न्यूट्रल तुटला की घरात ३०० च्या वर, कधी ४०० पर्यंत जातो आणि सप्लाय बोर्ड जळतं. जास्त दाबाला आपोआप तोडणारा स्टॅबिलायझरच घ्या. अर्थिंग मल्टिमीटरने तपासा: फेज आणि अर्थमध्ये फेज-न्यूट्रलइतकेच व्होल्ट यावेत, न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीनच. मृगाच्या विजा सुरू झाल्या की नुसता प्लग काढून भागत नाही, छत्रीची केबलही काढा. वीज त्या वाटेनेही आत येते.

कूलर टीव्हीच्याच स्विचबोर्डावर नको आणि त्याचा झोत टीव्हीवर तर अजिबात नको. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार फार. ओलसर हवेबरोबर ते खालच्या काठाच्या रिबनवर बसतात. धूळ पुसायची ती कोरड्या मऊ फडक्याने, फवारा मारला तर ओघळ त्याच काठात शिरतो.

तापीकाठ:
खिडकीसमोरच्या भिंतीवर लावू का?

काळोख_प्रेमी (धुळे):
नको, खिडकी टीव्हीच्या कडेला येईल अशी भिंत निवडा. खिडकी समोर आली की प्रतिबिंब पडतं, टीव्हीच्या मागे आली की डोळे दिपतात. टीव्हीचा मध्य सोफ्यावर बसलेल्याच्या डोळ्यांच्या उंचीला, फरशीपासून साडेतीन फुटांच्या आसपास. मागे हवा खेळायला चार इंच सोडा. डिलिव्हरीवाला जायच्या आत पूर्ण पांढरं, काळं आणि राखाडी चित्र लावून बघा, आणि परत करायची मुदत संपेपर्यंत खोका व थर्माकोल टाकू नका.